तेव्हा पुढ्यात काय होतं?

आप्पांच्या पडवीत पत्त्यांचा डाव संपला की कोणी उठायचं नाही, असा नियम होता. जगात इतरत्र डाव संपला की जिंकलेला हसतो, हरलेला पानं पिसायला घेतो. आप्पांकडे डाव संपला की खरं काम सुरू होई. "पानं होती तशी मांडा," ते म्हणत. मग चौघांची पानं पुन्हा सतरंजीवर ओळीने लागत आणि बेवारस मढ्याची चौकशी करावी तशी त्या डावाची चौकशी चाले. आप्पा तिला उजळणी म्हणत. गाव तिला पंचनामा म्हणे.

मी आप्पांचा भाडेकरू. दिघीजवळच्या एका गावात तेव्हा नवीनच हायस्कूल निघालं होतं आणि मी तिथे मास्तर होतो, बी.ए. झालेला. आमच्या घरात माझ्याआधी कोणी सही करण्यापुरतंही शिकलं नव्हतं. वडील भातशेती करत आणि कागदावर अंगठा उठवत. मी शिकलो तो माझ्या बळावर, आणि हे सांगताना मला आजही संकोच वाटत नाही. आप्पांनी पहिल्याच दिवशी माझं नाव विचारलं, शिक्षण विचारलं, आणि नाव विसरून शिक्षण लक्षात ठेवलं. पुढे चार वर्षं ते मला "बीए" अशीच हाक मारत. "काय बीए, आंघोळ झाली का?" त्यात चेष्टा किती आणि मान किती, हे मी पुष्कळ दिवस चाचपून पाहिलं. शेवटी सोडून दिलं.

ते आगबोटीवर बिनतारी संदेशाच्या खोलीत कामाला होते. लढाई संपल्यावर निवृत्त होऊन घरी आले ते एक पितळी कंदील, एक काळी छत्री आणि हा डाव घेऊन. कुठल्याशा परक्या बंदरात बोट दुरुस्तीला लागली होती, तिथे कोणा अमेरिकन माणसाने तो त्यांना शिकवला म्हणे. आमच्याकडे त्याला अर्ध्याचा डाव म्हणत. प्रत्येकाला सात पानं. पहिली दोन उपडी, मग एकेक करत चार उताणी, सगळ्यांना दिसतील अशी, आणि शेवटचं पुन्हा उपडं. दर पानागणिक ढिगात सुपाऱ्या टाकायच्या, नाहीतर आपली पानं मिटून बाजूला व्हायचं. शेवटी प्रत्येकाने आपल्या सातांतली पाच निवडायची. ढिगातला अर्धा भाग सगळ्यांत भारी हाताला आणि अर्धा सगळ्यांत हलक्या हाताला. म्हणजे राजाराण्या घेऊन बसलेला माणूसही जिंकतो आणि दुर्रीतिर्री घेऊन बसलेलाही. मला तर हे मोठं न्यायाचं वाटलं.

खरी गंमत शेवटाला होती. कोण कुठल्या अर्ध्यासाठी बसला आहे, हे तोंडाने सांगायचं नाही. प्रत्येकाने हात पाठीमागे न्यायचा आणि मूठ मिटून पुढे करायची. रिकामी मूठ म्हणजे हलका अर्धा. मुठीत एक सुपारी म्हणजे भारी अर्धा. दोन सुपाऱ्या म्हणजे दोन्ही मलाच हवेत. मुठी एकदम उघडायच्या. आणि दोन सुपाऱ्या धरणारा कुठल्याही एका बाजूला हरला, तर त्याला काहीच मिळायचं नाही.

सुपाऱ्या शेठ आणत. शेठचा सुपारीचा व्यापार होता, वखार होती, आणि खाडीपलीकडे आगरदांड्याला उतारू नेणाऱ्या तरीचा मक्ताही त्यांच्याचकडे. खेळायला ते किडकी सुपारी आणत. खेळ संपला की तीही मोजून परत नेत. चौथा गडी म्हणजे शेठच्याच मचव्यावरचा, त्या शिडाच्या नावेवरचा, तांडेल. मचवा शेठचा, पण पाण्यावर मालक तांडेल. पडवीत मात्र सगळे एका सतरंजीवर.

माझा पहिला रविवार मला स्वच्छ आठवतो, कारण त्या दिवशी मी जिंकलो. माझ्याकडे चौकी, छक्की, सत्ती आणि अठ्ठी होती. मधली पंजी आली की पाच पानांची ओळ लागणार होती. मी सुपाऱ्या टाकत बसून राहिलो आणि शेवटच्या पानाला पंजी आली. भारी अर्धा माझा. मी ढीग ओढायला हात पुढे केला तेवढ्यात आप्पा म्हणाले, "थांबा. पानं होती तशी मांडा."

त्यांनी सगळ्यांची पानं स्वतःच मांडली. कोणाचं कुठलं पान कितव्या फेरीला आलं, तांडेलाने मधेच मिटून टाकलेल्यांत काय होतं, सगळं त्यांच्या डोक्यात. मग माझ्याकडे वळले.

"बीए, इथे तुम्ही सुपाऱ्या टाकल्यात. तेव्हा पुढ्यात काय होतं?"

"पंजी आली की ओळ लागत होती."

"ते तुमच्या पुढ्यातलं. बाकीच्यांच्या?"

मी पाहिलं. शेठपुढे दोन पंज्या उताण्या पडल्या होत्या. तिसरी तांडेलाने टाकलेल्या पानांत होती, तीही सगळ्यांनी पाहिलेली.

"तीन पंज्या मेलेल्या. तुम्ही चौथीसाठी बसलात."

"पण आली ना?"

"आली. तो तिचा चांगुलपणा. तुमचं काय?"

शेठ खो खो हसले. "अरे भाई, मास्तर जीतला ना? जीतला तर बात खतम. पानं पिसा."

"जिंकल्याचं बोलतच नाही मी," आप्पा म्हणाले. "मी बसल्याचं विचारतोय."

मला राग आला. तर्कशास्त्राचा पेपर देऊन मी पदवी घेतली होती आणि हे गृहस्थ मला जिंकलेल्या डावाबद्दल गुन्हेगारासारखं उभं करत होते. पुढच्या रविवारी जायचंच नाही असं ठरवलं. पुढच्या रविवारी सगळ्यांत आधी मी जाऊन बसलो होतो. हा माणूस असा का वागतो, हे मला कळून घ्यायचं होतं.

कारण ते पत्त्यांपुरतं नव्हतंच. आप्पा छत्रीचाही पंचनामा करत. पावसाळा सरता सरता आभाळ जरा गढूळ दिसलं की ते छत्री घेऊन निघत. बंदरावरची माणसं मुद्दाम विचारत, "आप्पा, पाऊस कुठे राहिला?" आप्पा शांतपणे सांगत, "तो आला नाही, यात माझी काय चूक?" आणि एखादा माणूस तशाच दिवशी छत्रीवाचून जाऊन कोरडा परत आला, तर त्याला थांबवून म्हणत, "चुकलात." तो बिचारा आपले कोरडे कपडे बघत राही. मासे घेण्याचं तसंच. कोळणीने दिलेली सुरमई घरी चांगली निघाली तरी काकूंना विचारत, "कल्ले बघितले होतेस का?"

"नव्हते बघितले. ती म्हणाली ताजी आहे."

"म्हणजे चूक."

"मग टाकून देते."

"टाकू नकोस. चूक ती चूक, मासा तो मासा."

काकू म्हणजे आप्पांच्या पत्नी. डावाला कधी बसत नसत, पण उंबऱ्यात बसून तांदूळ निवडता निवडता सगळं बघत. उजळणी सुरू झाली की शेठ हटकून उठायला बघत. म्हणून काकू चहा नेमका त्या वेळेला आणत. कपबशी हातात आली की शेठ अडकले. एकदा मी त्यांना म्हटलं, "काकू, आप्पांनी लग्नाचीही उजळणी केली असेल?"

"केली की. लग्नाला वीस वर्षं झाल्यावर केली. मला म्हणाले, तुला पसंत केलं तेव्हा माझ्या पुढ्यात काय होतं, ते आठवतोय."

"मग?"

"मग काय? मी म्हटलं, पुढ्यात माझी मावशी बसली होती, मी आत होते. हे म्हणाले, म्हणजे न बघताच बसलो की काय मी. दोन दिवस त्यातच होते."

ही सवय कुठून लागली, हे मी आप्पांना निरनिराळ्या वेळी विचारलं. एकदा म्हणाले, बिनतारीच्या खोलीत अर्धेमुर्धे संदेश ऐकून ठरवावं लागतं, त्यातून लागली. एकदा म्हणाले, आमची एक बोट धुक्यात खडकाला घासली, चौकशी झाली, कप्तानाला सगळ्यांनी सगळं विचारलं, फक्त त्याला काय दिसत होतं हे कोणी विचारलं नाही. आणखी एकदा म्हणाले, सवय कसली, सगळेच असं करतात, मी मोठ्याने करतो एवढंच. तिन्ही खरं असेल. काकूंना विचारलं तर म्हणाल्या, "जन्मतःच."

त्यांचा सगळ्यांत अवघड विद्यार्थी होता तांडेल. तो मनाच्या कौलाने खेळे. चांगली पानं हातात असताना मिटून टाकी, आणि पुष्कळदा बरोबर टाकी. पण का टाकली, हे त्याला सांगता येत नसे.

"का रे टाकलीस?"

"न्हाय बरं वाटलं."

"म्हणजे काय दिसलं?"

"दिसलं न्हाय आप्पा, वाटलं."

"वाटलं म्हणजे दिसलंच. तुला बोलता येत नाही एवढंच. नीट आठव. शेठच्या पुढ्यात काय आलं होतं?"

तांडेल मान खाजवी, शेठकडे बघी, हसे. मग पाच-दहा मिनिटांनी, बाकीचे कंटाळल्यावर, हळूच म्हणे, "शेठनं एक्का आल्यावर मिशीला हात न्हाय लावला. एरवी लावतात." आप्पांचा चेहरा असा उजळे की जणू कुठल्या बुडत्या बोटीचा संदेश नीट लागला.

पण तांडेलाची एक खोड आप्पांना मुळीच सहन होत नसे. कधी कधी एखाद्या फेरीला कोणीच सुपारी टाकत नाही. सगळेच बिचकलेले असतात. मग पुढचं पान सगळ्यांना फुकट मिळतं. अशा वेळीही तांडेलाला बरं वाटेनासं झालं की तो पानं मिटून मोकळा होई.

"अरे, कोणी काही मागतंय का तुझ्याकडे?" आप्पा कळवळून विचारत. "फुकटचं पान येतंय. बघ आणि मग टाक."

"एकदा न्हाय म्हटलं की बसवत न्हाय आप्पा."

दिवाळी होऊन गेली होती. सुपारी उतरवण्याचे दिवस. मला अलिबागहून बोलावणं आलं. जिल्ह्याच्या कचेरीत जागा होती, सरकारी, कायमची. सोमवारी दुपारी मुलाखत. वडिलांना कळवलं तर त्यांनी अख्ख्या गावाला सांगून ठेवलं. आईने देवाला नारळ बोलला. नवा सदरा शिवला, लोट्यात निखारे घालून त्याला इस्त्री केली. मास्तरकी मला वाईट नव्हती, पण सरकारी कचेरीत खुर्चीवर बसलेला आमच्या वाडीतला पहिला माणूस मला व्हायचं होतं. हे साधं आहे आणि तसंच होतं.

अलिबागला जायचं म्हणजे मचव्याने आगरदांडा आणि तिथून एस.टी. रविवारची संध्याकाळची खेप तांडेलाऐवजी त्याचा खलाशी नेई; त्या मचव्याने जाऊन पलीकडे मुक्काम करायचा माझा विचार होता. दुपारी डाव बसला. मी मधेच उठायला लागलो तेव्हा आप्पा पडवीच्या कडेला उभे राहून खाडीच्या तोंडाकडे बघत होते.

"वारा पडलाय," ते म्हणाले. मग आत येऊन बसले. "बसा हो बीए. सकाळचा पहिला मचवा आहे की. तिघांत अर्ध्याचा डाव होत नाही."

मी बसलो.

सोमवारी उजाडता मी धक्क्यावर. मचवा भरला होता. खाली शेठची सुपारीची पोती, वर माणसं, त्यांत एक लग्नाचं वऱ्हाड. तांडेल धक्क्याच्या टोकाला उभा होता आणि पाण्याकडे बघत होता. परत आला तो सरळ म्हणाला, "आज मचवा न्हाय सुटायचा."

"का?" चार तोंडांनी विचारलं.

"न्हाय बरं दिसत."

"अरे, काय बरं दिसत नाही?" मी ओरडलोच. "पाणी तर झोपलंय."

"ते मना न्हाय सांगता यायचं, मास्तर. घरी जावा."

लोकांनी शिव्या दिल्या, नवऱ्याच्या मामाने हातापाया पडून पाहिलं. तांडेलाने शीड गुंडाळलं, माणसं उतरवली आणि घरी निघून गेला. खाडी दिवसभर परातीतल्या पाण्यासारखी राहिली. दुपारी पलीकडची एक लहान होडी मजेत येऊन गेली. मी धक्क्यावर इस्त्रीचा सदरा घालून बसलो होतो आणि अलिबागला कोणीतरी माझं नाव पुकारून पुढचं नाव घेत असेल, असं मनात येत होतं.

संध्याकाळी शेठच्या दुकानापुढे गर्दी. माल चुकला, लग्नाचा मुहूर्त चुकला, मास्तरची नोकरी चुकली. शेठ म्हणाले, "भित्रा तांडेल आपल्याला नको. पलीकडे माणूस बघतो. रविवारपर्यंत काय ते कळवतो." तरीचा मक्ता दुसऱ्या कोणाकडे नव्हताच. मचवा गेला म्हणजे तांडेलाला बायकापोरं इथे टाकून मुंबईच्या गोदीत ओझी उचलायला जावं लागणार, हे सगळ्यांना माहीत होतं, आणि त्या आठवड्यात कोणाला त्याचं वाईट वाटत नव्हतं. मलाही नाही.

मला नवल आप्पांचं वाटत होतं. छत्रीचा पंचनामा करणारा माणूस या प्रकरणावर अवाक्षर काढत नव्हता. मी समोरून गेलो की पेपर वर धरत. काकू मला म्हणाल्या, "ह्यांचं जेवण कमी झालंय. तुमचं काही बिनसलंय का?" माझं बिनसलं होतं, पण आप्पांशी नाही. निदान मला तसं वाटत होतं.

शनिवारी तांडेल आला. पायरीवरच बसला. "आप्पा, माझं चुकलं असं शेठला सांगून टाकतो. पाय धरतो. बायको म्हणते तसं कर."

"चुकलं का तुझं?"

"समदे म्हणतात. पाणी तर खरंच न्हाय हाललं दिवसभर."

"उद्या डावाला ये," आप्पा म्हणाले. "तोवर कोणाचे पाय धरू नकोस."

रविवारी चौघंही आलो. भांडण असलं म्हणून रविवार चुकवावा, असं कोणाला सुचलं नसावं. आप्पांनी पत्ते काढलेच नाहीत. सतरंजीवर किडक्या सुपाऱ्यांची एक ओळ लावली. "हा आपला धक्का. हे खाडीचं तोंड. हा मचवा. सोमवारची सकाळ. तांडेल, तेव्हा पुढ्यात काय होतं?"

शेठ उठले. "आप्पा, हा पत्ता नाही. धंदा आहे."

काकूंनी चहा पुढे केला. शेठ बसले.

तांडेलाने मचव्याची सुपारी बोटाने जराशी सरकवली. मग सुपाऱ्यांकडे बघत बोलायला लागला. वारा रविवार दुपारपासून मेलेला. वारा न्हाय, तरी तोंडाशी लाट लांब येत होती, दम धरून, म्हणजे बाहेर कुठंतरी जोराचं हाय. पांढरी पाखरं उजाडताच आत खाडीत येऊन बसलेली, येरवी त्या वेळेला बाहेर जातात. आणि मचवा पोतीनं खाली बसलेला, माणसं वरती. "एक लाट आडवी आली असती तर लग्नातल्या बायका..." तो थांबला. "मना ते दिसलं म्हणा. पण काय आलं न्हाय. मंग चुकलंच."

"आलं नाही," आप्पा म्हणाले. "तो समुद्राचा चांगुलपणा. तुझं काय ते बोल. ही पानं पुढ्यात असताना मचवा सोडणारा माणूस मी शेठच्या जागी असतो तर ठेवला नसता. मचवा थांबवलास ते बरोबर."

तांडेलाने मान वर केली.

"पण माणसं घरी का पाठवलीस?"

"आं?"

"भरती फिरेपर्यंत बसायचं होतं. कोण काय मागत होतं तुझ्याकडे? पोती उतरवायची, माणसं धक्क्यावर बसवायची, लाट बघत राहायचं. दुपारपर्यंत तुलाच दिसलं असतं की पाणी निवळलंय. बीए दुपारच्या एस.टी.ने कचेरी बंद व्हायच्या आत पोचले असते. फुकटचं पान होतं. बघितलं नाहीस."

तांडेल हसला, तो नेहमी हसे तसाच. "व्हय. बसवलं न्हाय."

"आता शेठ. तुम्ही तांडेलाला काढायचं ठरवलंत. कुठलं पान बघून?"

"मी तर दुकानात होतो," शेठ म्हणाले.

"मग?"

"संध्याकाळी बघितलं ना. पाणी थंडागार."

"संध्याकाळचं पान सकाळच्या डावात धरता येत नाही. पोती कोणी भरायला सांगितली होती?"

शेठनी चहा बशीत ओतला आणि पुष्कळ वेळ फुंकत राहिले. मिशीला हात लावला नाही. हे मीसुद्धा टिपलं.

मला वाटलं, झालं. पण आप्पा माझ्याकडे वळले. "बीए. तुमचं नुकसान सगळ्यांत मोठं. तुम्ही सोमवार सकाळवर बसलात. तेव्हा पुढ्यात काय होतं?"

"रविवारी संध्याकाळचा मचवा होता," मी म्हणालो. "गेलो नाही."

"का?"

मोठ्या माणसाला काय सांगायचं? उंबऱ्यातून काकूंचा आवाज आला, तांदळातून मान वर न करता. "ह्यांनी बसवून घेतलं म्हणून."

आप्पांनी सतरंजीवरच्या दोन सुपाऱ्या उचलल्या आणि तळहातावर धरून बघत राहिले.

"वारा पडलेला मला दिसला होता," ते म्हणाले. "मी तो बोलूनही दाखवला. एवढी वर्षं पाण्यावर काढून मला कळत नव्हतं असं नाही. तरी म्हटलं, बसा. दोन धरल्या मी. बीएंची नोकरीही व्हावी आणि माझा डावही मोडू नये. त्यात खरं बघायचं तर," ते थांबले, "नोकरी झाली असती तर पुढचा रविवार नव्हताच. तेही दिसत होतं. सोमवारी पाणी हललं नाही, तांडेलाने घाई केली, हे सगळं नंतरचं. चूक रविवारची, आणि ती माझी."

त्यांनी सुपाऱ्या ढिगात टाकल्या. मी तोंड उघडलं, जाऊ द्या म्हणायला. त्यांनी हाताने थांबवलं. उजळणीत जाऊ द्या म्हणायची पद्धत नव्हती.

सगळ्यांत आधी शेठ उठले. पायऱ्या उतरता उतरता, मागे न बघता म्हणाले, "तांडेल, उद्या मचवा काढ. पोती अर्धीच भर. आणि परत कधी थांबवला, तर माणसं घरी पाठवायची नाहीत. धक्क्यावर बसवायची. फुकटचं पान बघायचं, समजला?"

"व्हय शेठ."

तांडेल राहिला. डाव मात्र मोडला. त्या दिवशी शेठ किडकी सुपारी न घेताच गेले, आणि पुढे कितीतरी रविवार आलेच नाहीत. दुसऱ्याच्या पडवीत स्वतःच्या नोकरादेखत आपला पंचनामा झाला, हे त्यांना पचायला वेळ लागला. आम्ही तिघं सतरंजीवर बसून राहात असू. तिघांत अर्ध्याचा डाव होत नाही. आप्पा तांडेलाला विचारत, "आज पाणी कसं होतं?" आणि तो सांगे. आताशा त्याला सांगता येऊ लागलं होतं.

एके रविवारी, होळीच्या सुमाराला, शेठ आले. काही न बोलता पिशवी उपडी केली. किडकी सुपारी. बसले.

दुसरं बोलावणं पुढच्या वर्षी आलं. या खेपेला आप्पांनीच मला दोन दिवस आधी घराबाहेर काढलं. पाणी, वारा, आभाळ सगळं निर्मळ असताना मी एक पूर्ण दिवस अलिबागच्या धर्मशाळेत माश्या मारत बसलो. मुलाखत झाली, जागा मिळाली नाही. परत आलो तर धक्क्यापासून घरापर्यंत जो भेटेल तो एकच विचारी, "झालं का काम?" नाही म्हणून सांगताना तोंड आंबलं. पडवीत आप्पा होते. मी बूट काढायच्या आत म्हणाले, "निकाल नंतर. काय विचारलं त्यांनी, आणि तुम्ही काय बोललात? होतं तसं मांडा."

मी मांडलं. काकू दिवा लावून गेल्या तरी आमचं चाललं होतं. एका प्रश्नाला मी चुकलो होतो, बाकी ठीक होतो. "बसलात ते बरोबर बसलात," आप्पा शेवटी म्हणाले. बी.ए.चा निकाल लागला त्या दिवशीही मला इतकं बरं वाटलं नव्हतं.

तिसऱ्या बोलावण्याला जागा मिळाली.

निघालो त्या दिवशी लख्ख ऊन होतं. आप्पा छत्री घेऊन धक्क्यावर आले होते. उपदेश केला नाही, पत्र लिहा म्हणाले नाहीत. शेठ तिकिटाच्या टेबलाशी बसून दुसरीकडे बघत होते. काकूंनी पोह्यांचा डबा दिला आणि डबा परत पाठवायचा म्हणून बजावलं. मचवा सुटला. सुकाणूवर तांडेल. थोडं पाणी कापल्यावर तो म्हणाला, "मास्तर, मागं बघा. आप्पा मूठ दावतायत."

खरंच. धक्क्याच्या टोकाला उभे राहून त्यांनी उजवा हात पुढे केला होता, मूठ मिटलेली. नियम असा की मुठी एकदम उघडायच्या. मीही हात पुढे केला. आम्ही दोघांनी एकदम बोटं सोडली.

त्यांची मूठ रिकामी होती. माझीही रिकामीच होती. माझ्याजवळ सुपारी होतीच कुठे?

"आप्पा हलक्याला गेले," तांडेल नवलाने म्हणाला. "कधी जात न्हाईत. भारी अर्धा तुमाला सोडला."

मी कितीतरी वेळ तसाच हात पुढे करून उभा होतो. आमच्या चौघांत एवढ्या वर्षांत असं कधी घडलं नव्हतं की सगळ्यांनीच हलका अर्धा मागितला. तसं झालं तर भारी अर्धा कोणाचा, हे आप्पांना विचारायचं राहून गेलं.